गाठोडं बसलं, फटफटी निघाली

न्हाई वो मावशी, पडले न्हाई. पडले असते तर कुठंतरी खरचटलं असतं, बांगड्या फुटल्या असत्या — बघा, सगळ्या जागच्या जागी हायेत. हा चिखल वढ्यातला, फरशीच्या पुलावरून चालत आले तेव्हाचा. तुमी शेरडं घेऊन त्या टेकाडावर होता, तुमाला लांबून काय दिसणार — फटफटी भुर्रकन गेली आन मागं रस्त्यात एक बाई उभी. कुणालाही वाटंल, पडली. पडले न्हाई, ऱ्हायले. चुकून ऱ्हायले. येतीलच आमचे हे आता, ध्यानात आलं की येतील माघारी, हट्टा काय लई लांब न्हाई — भाकर नको, खरंच नको, पाणी प्याले तेवढं पुरे झालं. ह्या लिंबाखाली बसू द्या तुमच्यापाशी, बास. तुमच्या तांड्यावरची माणसं हिंगोलीला जायला इथूनच गाडीत बसतात का? हात केला की थांबते? पाचची ना? — न्हाई, मला कुठं जायचंय, मी आपलं सहज इचारलं.

मी जवळ्याची लेक, जवळा बाजारची. हट्ट्याला दिलेली, चार महिने झाले. आठ दिवस माहेरी होते, आज आमचे हे न्यायला आले. फटफटी सासऱ्यांची, पन ट्रान्झिस्टर आमच्या दादांचा — म्हणजे लग्नात दिलेला. लोक जावयाला घड्याळ देतात, सायकल देतात, दादांनी ट्रान्झिस्टर दिला, भोकाभोकाच्या चामडी पिशवीतला. तेव्हापासून हे फटफटीवर त्याच्याबिगर बसत न्हाईत. हे पुढं, मी मागं, तो माझ्या मांडीवर. ऐकायचं त्यांनी, धरायचं मी. आन नुसतं धरून भागत न्हाई मावशी — त्याला दिशा लागते. रस्ता वळला की गाणं गेलंच, नुसती खरखर. मग ह्यांचा कोपर मागं येतो, बरगडीत — फिरव! मग मी तो हळूहळू फिरवायचा, अंगावरचं लेकरू ह्या कुशीवरून त्या कुशीवर घ्यावं तसा, की लागलं गाणं. हट्टा ते जवळा किती वळणं, डोळे मिटून सांगते. घरी सासूबाई म्हणतात, सून लई गुणाची, तोंडात सबुद न्हाई. कसा असंल? मी बोलायला लागले की ह्यांना गाणं ऐकू येत न्हाई.

आज तर दुपारची फर्माईश होती — तुमच्या तांड्यावर हाय का रेडिओ? — तिच्यात गाण्याआधी नावं वाचतात, कोणत्या गावच्या कुणाकुणाला हे गाणं ऐकायचंय. हे चार महिने झाले, कार्डं पाठवून राहिले. पाठवून म्हणजे — लिहायची मी. मी मॅट्रिक हाय, अक्षर चांगलं हाय माझं. वर ह्यांचं नाव, खाली ग्यानोबा, हरिचंद, वसराम, सगळे दोस्त. एकदा म्हटलं, शेवटी माझं पन लिहू का? तर म्हणाले, येडी हायेस का, बायकोचं नाव साऱ्या मुलखात, लोक काय म्हणतील! गंमत बघा — मी त्यांचं नाव आजवर एकदाच घेतलं, उखाण्यात, ते बी खाली मान घालून. आन तिकडं बसलेली ती रेडिओवाली बाई, ना ओळखीची ना पाळखीची, तिनं घेतलं तर हे पेढे वाटणार हायेत.

ह्या माझ्या खांद्याच्या पिशवीत? पिशवीत काय न्हाई. कागद हाय. हात सारखा तिकडंच जातो, बराबर वळखलं तुमी. मास्तरीण व्हायचं शिक्षण असतं, डी.एड., दोन वर्षांचं. लग्नाआधी अर्ज केला होता, यादीत नाव लागलं न्हाई, मी इसरूनबी गेले — इसरले न्हाई. तर कुणीतरी जागा सोडली आन पत्र आलं, माहेरच्या पत्त्यावर. उद्या हिंगोलीला, अकरा वाजता, मूळ कागद घेऊन हजर व्हा, न आल्यास जागा पुढच्याला. उद्या! दादांनी आज निघताना दिलं, माझ्या मॅट्रिकच्या कागदांसकट, हळूच, गाठोडं बांधता बांधता. म्हणाले, आता तू त्यांची, त्यांना इचार, मी मधी पडत न्हाई. इचारलं ना. काहून न्हाई इचारलं! गाव सुटल्यावर त्यांच्या पाठीला इचारलं. पाठीलाच इचारावं लागतं, तोंड कुठं समोर असतं? म्हटलं, अहो, शिकायचं पत्र आलंय, उद्या हिंगोलीला बोलावलंय. ‘हूं’ म्हणाले. परत म्हटलं, मोठ्यानं — माझ्या मानानं लई मोठ्यानं — उद्याच जावं लागंल. तर त्यांचा हात मागं आला, माझ्या मांडीवर चाचपडला, आन आवाजाचं चाक न बघता वाढवलं. आता सांगा — मी म्हटलं ते ऐकू आलं न्हाई म्हणून वाढवलं, का ऐकू आलं म्हणून? तुमचे केस पांढरे झालेत, तुमाला कळत असंल. मला न्हाई कळत. आन परत इचारायचं भ्या वाटतं मावशी, कारण आत्तापर्यंत तरी त्यांनी ‘न्हाई’ म्हटलेलं न्हाई.

मग हा वढा आला. फरशीवर गुडघ्याएवढं पाणी. अशा पाण्यात मागच्यानं उतरून चालायचं, रीतच हाय, दोघं बसून गेलं की चाक घसरतं. मी उतरले, गाठोडं डोक्यावर घेतलं. तर म्हणाले, थांब. मला वाटलं, हात देऊन राहिले. म्हणाले, तो दे इकडं, भिजंल. ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवला आन गेले पार. मी मागनं, एका हातानं साडी धरून, एका हातानं गाठोडं, पायाखाली शेवाळ — कोरडा गेला तो ट्रान्झिस्टर. ह्या काठाला आले तर हे फटफटी चालू ठेवूनच बसलेले, मान वाकडी, कान छातीकडं. आन तेवढ्यात ती रेडिओवाली बाई म्हणाली — हट्टा, तालुका वसमत — आन घेतलं बघा नाव! पहिलं ह्यांचंच. ह्यांची पाठ अशी ताठ झाली, जशी मिरवणुकीतल्या नवरदेवाची बी न्हवती. मी गाठोडं शिटावर ठेवलं, म्हटलं साडीचा काठ पिळावा. गाडी हलली. मी बसल्यावर हलते तशीच हलली. मी ह्यांच्या खांद्याला हात लावत न्हाई, नवी हाय ना, लोक बघतात. मागची कडी धरून बसते. म्हणून त्यांना मी बसल्याचं गाडी हलल्यावरच कळतं. ‘बसली?’ म्हणाले आन निघाले. घ्या! गाठोडं बसलं, फटफटी निघाली. हसा, हसा, मलाबी आलं होतं हसू.

हाक? मारली ना. ‘अहो’ म्हणून मारली. आता रस्त्यात ‘अहो’ म्हटलं तर कुणी कशाला वळून बघंल — एकदाच मारली. — तोंड उघडलं होतं, एवढं खरं. जाऊ द्या, तुमचं पाणी प्याले, खोटं कशाला बोलू. न्हाई मारली. ‘बसली?’ म्हणाले आन लगीच न्हाई गेले, मावशी. माणूस ‘हां’ म्हणंल तेवढे थांबले होते. मी ‘न्हाई’ म्हणायला पाहिजे होतं. एक सबुद. मी दोन पावलं मागं सरकले. आन गाठोडं — ते काय मी साडी पिळायला म्हणून ठेवलं न्हाई. मधोमध ठेवलं, गाठ कडीत अडकवून, लवकर पडू नये असं. हे मी कुणालाच सांगणार न्हवते. तुमी इचारलंबी न्हवतं.

असं बघू नका. मला तरी कुठं ठाऊक होतं माझे हात काय करून राहिले ते. हिंगोलीला आमची शालूमावशी हाय, आज तिच्याकडं, उद्या अकराला मी दारात. आन मग? मग हट्ट्याचं दार लागलं. चार महिन्यांची सून वाटेतून गायब, ती बी शेंगांचं गाठोडं शिटावर बसवून — दादांना बाजारात तोंड काढता येणार न्हाई. म्हणून म्हणते, हे आधी आले तर मी चुकून ऱ्हायले. आन गाडी आधी आली तर — तर ते गाडीनंच ठरवावं, माझ्यानं ठरत न्हाई.

गप. ऐका. — फटफटी. हट्ट्याकडनंच. जरा ह्या खोडाच्या आड सरा, पाया पडते, शेरडं असू द्या पुढं. ट्रान्झिस्टर बंद हाय. नुसती फटफटी — मी कधी ऐकलीच न्हवती नुसती, केवढा आवाज करते. आले. अगं, गेले की पुढं! इकडं बघितलंबी न्हाई, नीट वढ्याकडं. गाडी टाकली आडवी, भर रस्त्यात. हाका मारून राहिले. ‘पंचफुला’ — ऐकलं का? माझं नाव हाय ते. साऱ्या रानात ओरडून राहिले माझं नाव. पन पाण्याकडं तोंड करून काहून? — चप्पल. अगं माय, माझी चप्पल, फरशीवर पायातून निसटली ती, ती बघा खालच्या अंगाला काट्यात अडकलेली. त्यांना वाटून राहिलंय मी — डोह हाय तिथं? केवढा? बैल बुडंल एवढा? त्यांना पोहायला येत न्हाई, मावशी! मला येतं, दादांनी शिकवलं हिरीत, त्यांना न्हाई येत — उतरले. बुटासकट उतरले. अहो! — अहो, मी हितं हाय! — पाण्याच्या आवाजात काय ऐकू जातंय. आन ती लाल गाडी — हिंगोलीचीच का? आत्ताच यायचं होतं तिला! असू द्या, फटफटी आडवी हाय, थांबावंच लागंल. ही पिशवी धरा. तुमी ड्रायव्हरपाशी जा, सांगा, हिंगोलीची एक बाई हाय, आलीच म्हणावं, नवऱ्याला बाहेर काढते आन आलीच. दोन तिकिटं का — न्हाई, एकच सांगा. ओली येईन, तसंच बसू द्या म्हणावं. उठा वो, बघत काय बसलाय माझ्याकडं — जा!