नाकाशी धरलेला दोरा

— नाही, रडत नाहीये मी, वन्सं, हा कापडाचा भुगा जातो डोळ्यांत. सकाळपासून शर्टांना बटणं लावतेय ना. बसा की नीट, अशा कडेला का टेकलात? आणि बाळाला इतक्यात टोपी कशाला घातलीत — गाडी संध्याकाळची ना तुमची? बरं, असू दे. झोपलाय तर झोपू दे तुमच्या मांडीवर, पाय भरून आला तर सांगा. मी काही हिसकावून घेणार नाहीये. ते तुमच्या भावाने फोनवर सांगितलं असेल, ही मूल कुणाच्या हातात देत नाही, हिचं चित्त थाऱ्यावर येईपर्यंत तू घेऊन जा त्याला — तर बघा, दिलंय की नाही? दिलंय. मी माझं काम करतेय. ही सुई, हा दोरा. शांत आहे मी.

मी ध्यानाला बसते ना आता. खोटं वाटतं? दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच लावलं मला. बाळाला डोस द्यायला नेलं होतं, तर ते राहिलं बाजूला, त्या माझाच हात धरून बसल्या. म्हणाल्या, अगं, नाडी किती पळतेय तुझी, कुणी मागे लागलंय का? मला हसू आलं, आणि मग हसूच थांबेना, म्हणजे — हसू नव्हतं ते. मग त्यांनी आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि शिकवलं. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसायचं. डोळे मिटायचे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. मन पळणारच. पळालं की परत आणायचं, पण रागवायचं नाही त्याच्यावर. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण कसं उचलून आणतो, पुन्हा गेलं की पुन्हा आणतो — तसं. छातीतली धडधड कमी होते म्हणाल्या, झोप लागते, चिडचिड जाते. पण रोज बसायचं. आज बसले, उद्या कंटाळा, असं चालत नाही. म्हणाल्या, तुला पहिल्याच दिवशी काज जमलं होतं का करायला? हे मात्र पटलं मला. आणि जाताना म्हणाल्या, याने नाही भागलं तर लपवू नकोस, सरळ ये, डॉक्टरांना दाखवू.

तर मी बसते. दुपारी, शर्टांचा गठ्ठा हातावेगळा झाला की, त्या तिथे, कपाटाला पाठ टेकून. आणि फरक आहे हं. आधी दोरा ओठात ओला करून करून त्याचा लगदा व्हायचा, पण सुईत म्हणून जायचा नाही. आता पहिल्याच फटक्यात. थांबा, दाखवतेच. हे बघा. — थांबा. — उजेड तिकडून येतो ना. तुम्ही जरा बाजूला — नको, हलू नका, तो उठेल. — टोकच फुटलंय दोऱ्याचं. जाऊ दे. तुम्ही बघत बसलात की नाही होत. शाळेत बाई मागे येऊन उभ्या राहिल्या की साधी बेरीज यायची नाही मला, सातवीपर्यंत तशीच रडतखडत पोचले.

काय बघताय? हा? मनगटाचा? दोराच आहे, बटणाचा. कामाचा. हाताशी असावा म्हणून बांधला. — तुमच्या भावाने सांगितलं तुम्हाला. मान खाली घातलीत म्हणजे सांगितलंच. कामावरून लवकर आले ते, आणि मी अशी वाकलेली, बाळाच्या तोंडावर दोरा. घाबरलेच. माझा हात असा धरला की — सोडा, त्यांची चूक नाही, कुणालाही वाटेल तसंच. पण मी त्याला काही करत नव्हते, वन्सं. नाकाशी धरला होता फक्त. दोरा हलला की श्वास चालू आहे. एवढंच. मागे ते दूध घशात अडकलं होतं ना त्याच्या, ओठ निळे पडले होते, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, आता ठणठणीत आहे. पण ठणठणीत मुलंसुद्धा झोपेत श्वास घेता घेता जराशी थांबतात, माहितेय तुम्हाला? सगळीच थांबतात म्हणे. दोरा थांबतो. तो थांबला की मी पण थांबते. हलला की मी पण सोडते श्वास. कधी कधी वाटतं हललाच नाही, मग मी बाळाला हलवते, उठवते, तो रडतो, आणि तो रडला की मला बरं — हो. मीच उठवते. म्हणून किरकिरा झालाय तो. म्हणून तर असा गाढ झोपलाय तुमच्या मांडीवर. मिळतेय त्याला आज झोप.

म्हणजे ध्यान — हो, तेच माझं ध्यान. नर्सबाई म्हणाल्या श्वासाकडे बघ, मी बघते. रोज. फक्त त्याच्या श्वासाकडे. त्यांनी माझ्या श्वासाकडे म्हटलं होतं, कळत होतं मला, पण माझ्या श्वासाला काय धाड भरलीय? चालतोय तो. एकदाच खरी बसले होते. तुमचे भाऊ त्याला खांद्यावर टाकून जिन्यात फिरवत होते. मी कपाटाला टेकले, डोळे मिटले, तर मन जिन्यात. आणलं. पुन्हा जिन्यात. पुन्हा आणलं, रागावले नाही. मग कधीतरी, वन्सं, हवा गार आत जाते आणि कोमट होऊन बाहेर येते, हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं घेतेय श्वास. खांदे खाली आले. ते वर चढवून बसले होते हेच ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवशी सुई ओवली मी, पहिल्याच फटक्यात. तेवढं खोटं नाही बोलले.

मग रोज का नाही बसत? कशी बसू? मी डोळे मिटल्यावर त्याच्याकडे कोण बघणार?

पिशवी भरून दाराशी ठेवलीत, दिसतेय मला. ओरडणार नाही मी. तुम्ही दोन मुलं वाढवलीत, घरात माणसं आहेत, तो राहील तुमच्याकडे. मी नाही राहणार, पण तो राहील. एक करा फक्त. मी आत्ता बसते, तुमच्यासमोर, खरी. हा दोरा घ्या, धरा त्याच्या — नको. तोडून टाका. नुसतं बघा त्याच्याकडे. मला नाही राहवलं, घाबरून डोळे उघडले, तर न्या त्याला, पिशवी मीच आणून देते गाडीपर्यंत. मिटते हं.

— बघताय ना? — बरं, बोलत नाही. — शिंकला? शिंकला वाटतं. मिटलेलेच आहेत माझे, तुम्ही पुसा. हळू, नाकाची कातडी लाल झालीय त्याची. — जिन्यात कोण — नाही. परत. — परत. — गार —

— अं? वन्सं? ऊन कुठे गेलं इथलं? मी बसले होते ना? ही उशी कुणी — बाळ? बाळ कुठाय — हं. आहे. तुमच्या खांद्यावर आहे. हसतोय काय, लबाडा. — झोपले मी? अशी आडवी? आणि गाडी तुमची? — गेली? — बघा, डोळे आत्ता उघडलेत मी, हे धरायचं नाही. — टोपी काढलीत त्याची. आणि ती दुपटी, पिशवीतली ना ती? पुन्हा फळीवर रचलीत?

हसू नका, मला रडू येईल, आणि आता भुगा पण नाहीये डोळ्यांत म्हणायला. राहताय ना मग? तुमच्या भावाला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात ते. उद्या नर्सबाईंकडे येता माझ्याबरोबर? त्यांना दोऱ्याचं सांगायचंय. एकटीने नाही सांगवणार. आणि दुपारी मी बसेन तेव्हा तुम्ही घ्या त्याला, रोज हं, मधे खाडा नको. आताचं पण राहिलंच माझं, झोप लागली ती काही ध्यानात धरत नाहीत. तिकडे खिडकीशी बसा त्याला घेऊन. आणि मधेमधे बोलू नका. किती बोलता तुम्ही, वन्सं.