गावपळणीतला सात नंबरचा प्लग

जबाब
दि. १३/१२/२०२५, सकाळी ११.२० वा.

नाव चंदन सुदेश परुळेकर, वय ३६ वर्षे, धंदा विजेची व मोबाइलची दुरुस्ती, रा. मौजे चिंचेभाट, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग. मला कोणी बोलावलेले नाही. आपणहून ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहतो. माझे दुकान वाडीच्या मध्यभागी आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसवायचे आणि फोनवरून चालू-बंद करायचे स्वस्तातले स्मार्ट प्लग मी मागवतो. ते कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलत नाहीत आणि आमच्याकडे नेट गेले की मुके होतात. म्हणून मी ते उघडतो, आतल्या बोर्डाला चार बारीक तारा सोल्डर करतो, कंपनीचे फर्मवेअर, म्हणजे प्लगला चालवणारा आतला प्रोग्रॅम, पुसतो आणि कोणालाही फुकट घेता येते असे ओपन सोर्स फर्मवेअर भरतो. मग प्लग आपल्या ताब्यात येतो. किती वॉट ओढतो तेही दिसते. माझे वडील याला नसती उठाठेव म्हणतात.

वाडीत अकरा घरांत असे प्लग आहेत. सगळे माझ्या दुकानातल्या वायफायवर आणि तिथल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतात. तो माझ्या फोनवरून कुठूनही उघडतो. दुकानातला राउटर आणि कॉम्प्युटरही अशाच एका बाराव्या प्लगवर आहेत. ती माझी हौस. गरज नव्हती.

आमच्या गावात देवाचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस तीन रात्री माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या सगळे हद्दीबाहेर झोपड्यांत राहतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. कोणी आत जात नाही. गेलेला परत येत नाही असे म्हणतात. मी शिकलेला आहे, पण मीही कधी गेलो नव्हतो. यंदा दि. १०/१२/२०२५ रोजी सकाळी ढोल वाजला आणि आम्ही खाडीपलीकडच्या माळावर आलो. बाबली महादू घाडी, वय ४९, माझा शेजारी, त्याची झोपडी माझ्या लगत होती. त्याची आई लक्ष्मी, वय ७६, हिला दम्याचा जुना आजार असून नोव्हेंबरपासून ऑक्सिजनचे मशीन लागते. ती मशीनसह वैभववाडीला मुलीकडे गेली असे बाबलीने सर्वांना सांगितले होते.

दि. ११ रोजी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास बायकांनी गावात दिवा पाहिला. आदल्या संध्याकाळी झोपड्या बांधायच्या गडबडीत तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. गोंधळ झाला. पोरे रडू लागली. माझ्या लगेच लक्षात आले, तो एका मुंबईकरांच्या ओसरीवरचा दिवा होता. सूर्य मावळला की आपोआप लागायचे असे त्या प्लगला मीच सांगून ठेवले होते आणि काढायला विसरलो होतो. मानकरी भाई गावकर माझ्याकडे आले. ते म्हणाले, "चंदन, ह्यो तुझो खेळ मां? देवाक उत्तर कोण देतलो?" मी कबूल केले. ते म्हणाले, "सगळे बंद कर. एकय चालू ऱ्हवाक नको." हद्दीवर चार माणसे बसवली.

मी शंभरेक माणसांसमोर एका बोटाने अकराही प्लग बंद केले. दिवा विझला. लोकांनी हात जोडले. मला त्या वेळी बरे वाटले, हे लपवत नाही.

मिनिटभरात सात नंबरचा प्लग पुन्हा चालू दिसला. तो बाबलीच्या घरातला. मे महिन्यात मी तो त्याच्या फ्रिजला लावून दिला होता. मी बंद केला. तो पुन्हा चालू झाला. मी पुन्हा बंद केला. बाबली माझ्या खांद्याशी उभा होता. तो म्हणाला, "ऱ्हवांदे रे तो. फ्रीज आसतलो." मी म्हणालो, "फ्रीज आसलो तरी बंद करूकच होयो." पडद्यावर तीनशे दहा वॉट दिसत होते. घरातला फ्रीज इतके ओढत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. त्या दिवशी सांगता आले नाही.

तिसऱ्यांदा तो चालू झाला. रिकाम्या घरात प्लगवरचे बटण कोण दाबणार? मी घाबरून तो बंद केला, आणि बटण दाबले तरी ऐकायचे नाही असे त्याला सांगितले. कंपनीच्या प्लगमध्ये ही सोय माझ्या पाहण्यात नाही. आमच्यात आहे. मग भाईंनी दुकानाचेही बंद करायला सांगितले. मी बारावा प्लग बंद केला. त्यासरशी राउटर आणि कॉम्प्युटर गेले. त्यानंतर गावातले काहीही मला माळावरून परत चालू करता येत नव्हते.

लोक पांगल्यावर अंदाजे सात वाजता बाबलीने माझा दंड धरला. तो म्हणाला, "चंदन, आये आत आसा." मला कळले नाही. तो म्हणाला, "ती वैभववाडीक गेली नाय. झोपडीत लाइट नाय, मशीन कसा चालतला? डॉक्टरान लांब न्हेव नको म्हणान सांगलेलो. म्हणान ठेवलंय." पहिल्या रात्री तो बांधावरून लपून तिला पेज देऊन आला होता. मशीनला त्याने सात नंबरचा प्लग लावला होता, म्हणजे झोपडीत बसून त्याला फोनवर आकडा दिसेल. त्याच्या फोनवर फक्त आकडा दिसतो. त्याने मला तो दाखवला. सहा पंचवीसनंतर काही नव्हते.

मी १०८ ला फोन केला. बाबली बांधाकडे धावला. मी त्याच्या मागून ओरडलो, "बटण दाब." मी स्वतः गेलो नाही. हद्दीच्या दगडाशी उभा राहिलो. लाज वाटते, पण खरे तेच सांगतो. मला तिथे बाईच्या जिवाच्या काळजीपेक्षा देवाची भीती जास्त वाटली.

मग मला आठवले की बटण मी निकामी केले आहे. मी दगड ओलांडला. बसवलेल्या माणसांनी हाका मारल्या. मी थांबलो नाही. पंधरा मिनिटे लागली असतील. वाटेत गावात एकही आवाज नव्हता, कुत्रेसुद्धा नाही, आणि मी मोठ्याने देवाची माफी मागत पळत होतो.

बाबली अंधारात जमिनीवर बसून बटण दाबत होता. दाबायचे, थांबायचे, दाबायचे. मी प्लग उपसून फेकला आणि मशीनची पिन सरळ सॉकेटमध्ये घातली. मशीन सुरू झाले. लक्ष्मीकाकीचे ओठ जांभळे होते. दहा-बारा मिनिटांनी तिने डोळे उघडले. ती म्हणाली, "मी तीनदा चालू केलंय. देवान तीनदा बंद केल्यान. मगे मी हात जोडून ऱ्हवलंय." मी फेकलेला प्लग उचलून खिशात घातला. अॅम्ब्युलन्स पावणेआठला आली.

गावात आता तेच बोलतात, की देवाने तीनदा खूण दिली. काल मी भाईंना सांगितले की तो देव नव्हता, मी होतो. त्यांनी मला बाजूला घेतले. मग म्हणाले, "देवाच्या नावावर आसा तां ऱ्हवांदे. तुझ्या नावावर कित्या घेतस?" मला ते बरे वाटले. मी झोपडीत परत आलो आणि जेवलो.

आज सकाळी बाबलीचा दवाखान्यातून फोन आला. काकी नळी नाकाला लावू देत नाही. लावली की काढते. देवाने नको म्हटले ते मी परत घेणार नाही, असे म्हणते. डॉक्टरांनी सांगितले की असेच चालले तर दोन दिवस.

बाबलीने आईला सोडले नव्हते, त्याला यात धरू नये. माझ्यावर काय ती कारवाई व्हावी. गाव मला वाळीत टाकील याची भीती आहे, आणि काकी माझ्याकडे कशी बघेल याची त्याहून जास्त आहे.

हे सर्व मी सांगितले तसेच उतरवले आहे. हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवले. त्यात माझे म्हणणे बरोबर आले आहे. याची एक प्रत मला आत्ताच मिळावी. दुपारची एसटी आहे, काकीला वाचून दाखवायची आहे.

समक्ष सही
चंदन सुदेश परुळेकर