दाढेचा कौल

देवभोळा माणूस घरात असला की बाकीच्यांनी काय भोगायचं असतं, ते मला विचारा! बाहेर निजामाचं राज होतं, पण आमच्या घरात राज होतं पिंडीवरच्या दोन फुलांचं. आण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, कुठलंबी काम निघालं की पिंडीला दोन फुलं चिकटवून कौल मागायचे. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई.

एकदा त्यांचा गाल टम्म सुजला. तोंडात भाकर जाईना. मी म्हणलं, "आण्णा, परभणीला हकिमाकडं चला, दाढ काढू."

तीन दिवस कौल लावला, तीन दिवस डावंच फूल पडलं. चौथ्या दिवशी आण्णांनी डोळे मिटले आन् मी उजव्या फुलाला हळूच बोट लावलं. महादेवा, माफ कर!

लगेच बैल जुंपले. पेडगावपासून चार कोस, दर खड्ड्याला आण्णांची बोंब. हकिमानं तोंडात बघितलं, चिमटा उचलला आन् विचारलं, "दो दाढां सड गए, पाटील. पैले कौनसी निकालूं?"

आण्णांनी तोंड मिटलं. माझ्याकडं वळून म्हणले, "ते इचारायचंच राह्यलं की रं! चल, बैल जुंप."