हीटरची जाळी

मासेवाला : काका, टाकीपासून हात लांब ठेवा. पाकट आजारी असली तरी शेपटीतला काटा तिनं काढून ठेवलेला नाही.

बाबा : मला तो पांढरा चट्टा नीट बघायचा होता. बुरशी आहे का?

मासेवाला : बुरशी कसली, भाजलंय. हीटरची काचेची नळी दिसते ना, तिच्यावर पडून राहिली असणार. या चपट्या पाकटीची जातच तशी. ऊब लागली की तिथेच पसरायचं. खालून कातडी गेली तरी उठायचं नाव नाही. म्हणून तर नळीवर जाळी असते. आता दिसतेय. तेव्हा नव्हती का?

बाबा : नव्हती. सोमवारी चट्टा दिसला तेव्हा जाळी जागेवर नव्हती. रविवारी टाकी धुताना मीच काढली असणार.

आई : चहा टाकू का?

मासेवाला : नको काकू, दुकान उघडं टाकून आलोय. 'असणार' म्हणजे काय काका?

बाबा : म्हणजे लावल्याचं आठवतंय, पण ते बहुतेक मागच्या रविवारचं. जाळी सापडली स्वयंपाकघरात. चमच्यांच्या खणात, कापडात गुंडाळून. तिथे ठेवल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

मासेवाला : होतं हो. मी पोरांच्या वर्गशिक्षिकेचं नाव विसरतो, माशांचं एक विसरत नाही. बायको रोज उद्धार करते.

बाबा : तुम्ही हिला घेऊन जाल का? कायमची?

मासेवाला : कुठे ठेवू? तुमच्या मुलानं माझ्याकडून नेली तेव्हा बशीएवढी होती, म्हणून नाव बशी. अडीच वर्षांत तिची परात झाली. दुसरा कुणी नेईल आणि चार फुटांच्या टाकीत कोंबेल. तसंही आत्ता हलवायची नाही. रोज थोडं पाणी बदला. नळाचं थेट नको, त्यातलं क्लोरीन काढून, आणि टाकीतल्याइतकंच कोमट. खातेय का काही?

आई : सकाळी एक कोळंबी खाल्ली.

मासेवाला : मग घाबरू नका. पंधरा दिवसांत चट्टा भरून येईल. येतो मी. दार मी ओढून घेतो.

(मासेवाला जातो.)

आई : तिला द्यायचं म्हणालात. मला विचारलं नाहीत.

बाबा : तुला ती कधी आवडली? काटा आहे म्हणून अडीच वर्षांत त्या टाकीला तू पदर लागू दिला नाहीस.

आई : पोराला काय सांगणार होतात?

बाबा : सांगितलंय. काल त्याचा बोटीवरून फोन आला तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस. म्हटलं, जाळी मी विसरलो, बशी भाजली.

आई : काय म्हणाला?

बाबा : एवढंच म्हणाला, बाबा, तुम्ही स्वतःला जपा. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आई : अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

बाबा : अजून एक आहे. मेडिकलच्या मालकांना आज सांगून आलो. उद्यापासून मी बसणार नाही.

आई : काय? का?

बाबा : ज्याला जाळी लावलेली आठवत नाही, त्यानं लोकांच्या हातात गोळ्या देऊ नयेत. पाच मिलीग्रॅमच्या जागी पन्नास गेली तर? सोमवारपासून प्रत्येक पाकीट तीन-तीनदा वाचतोय. काल एक बाई म्हणाल्या, काका, बरं वाटत नाही का? मागे रांग लागली होती.

आई : बत्तीस वर्षांत एक चूक नाही तुमची.

बाबा : माझ्या वडिलांचीही नव्हती. त्यांनी किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवल्या तेव्हा आपण सगळे हसलो होतो. तूही हसलीस. दोन वर्षांनी ते मला दादा म्हणायला लागले. मला त्या खणात जाळी दिसली आणि पिठाचा डबाच आठवला.

आई : नका हो बोलू असं.

बाबा : मग काय बोलू? भीती वाटते मला. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

आई : तुम्ही बसा आधी. त्या खुर्चीवर नको, इथे बसा.

बाबा : बसलो. काय आहे?

आई : रविवारी तुम्ही जाळी काढली, ब्रशनं घासली, परत लावली. दोन्ही चाप दाबून बघितले. मी दारात भाजी निवडत होते. माझ्या डोळ्यांदेखत लावलीत.

बाबा : उगाच माझं मन राखायला बोलू नकोस.

आई : मन राखायला नाही. तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा मी काढली.

बाबा : तू?

आई : थंडी किती पडली होती. ती आठवडाभर त्या जाळीला अंग घासत बसायची. मला वाटलं, मधे जाळी आहे म्हणून हिला ऊब पोचत नाही. पोरगा तिकडे कुठल्या पाण्यात आहे ते कळत नाही, म्हटलं हिला तरी थंडी वाजायला नको. बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात घातला. बाजूला हो गं म्हटलं, तर सरकली मुकाट्यानं.

बाबा : काटा लागला असता तर?

आई : तेव्हा सुचलंच नाही. जाळी पुसली आणि खणात ठेवली. कापडात गुंडाळून वस्तू माझ्याशिवाय कोण ठेवतं या घरात? तुम्हाला तर तो खण डावा की उजवा तेही सांगता येणार नाही.

बाबा : आज गुरुवार आहे.

आई : हो.

बाबा : चार दिवस तू बघत होतीस माझ्याकडे.

आई : चट्टा दिसला आणि तुम्ही लगेच म्हणालात, माझंच चुकलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. उद्या सांगू म्हटलं. मग तुम्ही तुमच्या वडिलांसारखे गप्प बसायला लागलात आणि मला तोंडच उघडेना. पोराला मी सांगते. मालकांकडेही मी येते तुमच्याबरोबर. माझ्यावर ओरडा हवं तर.

बाबा : ओरडायला अंगात काही उरलं पाहिजे. थांब जरा. म्हणजे जाळी मी लावली होती.

आई : लावली होतीत. दोन्ही चाप.

बाबा : चाप दाबल्याचा आवाज आठवत होता मला. मलाच खोटा वाटला तो.

आई : खरा होता.

बाबा : बरं. मग आता तेवढं दुधाचं सांग.

आई : कुठल्या दुधाचं?

बाबा : गेल्या महिन्यात पातेलं करपून काळं झालं होतं. गॅस तसाच चालू. शेजारच्यांनी दार वाजवलं म्हणून कळलं. तेही मला आठवत नाही, गॅस लावल्याचं.

आई : ते होय. तेही मीच. दूध ठेवलं आणि विसरले. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही.

बाबा : तू.

आई : हो. मीच म्हणते ना. उद्या कामावर जायचं गुपचूप.

बाबा : त्या दिवशी तू तुझ्या ताईकडे गेली होतीस. मुक्कामाला. हिरवी पिशवी घेऊन.