चेनवाल्या रबरातली अंगठी

तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? दारव्ह्याच्या बाजारात माझं बांगड्या-पिनांचं दुकान. यंदा केसांना बांधायची कापडी रबरं आणली, आत चेनवाला चोरखिसा. एका काकूंनी नाक मुरडलं. "एवढुशा खिशात काय मावते, भाऊ?"

मी जोशात बोटातली लग्नाची अंगठी काढून आत टाकली आणि चेन ओढली. "पाहा, कोणाले समजते का?"

काकूंनी तिथंच अंबाड्याला रबर बांधलं, पैसे दिले आणि निघाल्या. मलाही समजलं नाही!

रिकामं बोट दिसलं तेव्हा काकू गावाकडच्या जीपमध्ये बसल्या होत्या. मी धापा टाकत त्यांना गाठलं. "काकू, जरा केस सोडा!"

अख्खी जीप माझ्या अंगावर आली. "लाज वाटत नाही का रे, बाईमाणसाले असं म्हणतं?"

मी ओरडून अंगठीचं सांगितलं, तेव्हा कुठं काकूंनी चेन उघडली. माझ्या हातावर अंगठी ठेवली, वर रबरही ठेवलं.

"हे काहून वापस?"

"साऱ्या जीपले समजलं ना खिसा कुठं हाय ते! आता यात काय ठेवू, तुमचं डोकं?"