मधलं पाणी

बाबा: पण शेजारी का? मी काय गावाला गेलो होतो?

लेक: दोन तासांसाठी ठेवलंय फक्त काकूंकडे. तुम्ही आधी बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. इकडे, आईच्या खुर्चीवर.

बाबा: ही खुर्ची आता तुझी. आणि छकुलीला आजोबाशिवाय झोप लागत नाही. काकू थोपटतात की धुणं आपटतात, कळत नाही.

लेक: सांगितलंय मी त्यांना, हळू थोपटा म्हणून. खिडकीची कडी लावा, द्राक्षं अर्धी कापूनच द्या, तेही सांगितलंय. दोनदा.

बाबा: हात टेकले असतील बिचारीनं.

लेक: टेकू देत. बाबा, ही बाटली तुमची ना?

बाबा: माझीच. काल सकाळची. आत चिठ्ठी आहे की, वाच.

लेक: 'तळं. मध्य. सकाळी सहा.' अक्षर तुमचंच आहे.

बाबा: मग? पेन्सिलीनं लिहिलंय, औषधात विरघळत नाही. छत्तीस वर्षं हेच करतोय. जाळी टाकायची, ओढायची, बाटली भरायची, चिठ्ठी आत. आता तू काय नवीन शिकवणार?

लेक: शिकवत नाही. बघा म्हणते. चष्मा काढा आणि इथं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.

बाबा: मी कधी बघतो का यातून? मी आणायचं, तुम्ही मोजायचं. तुझ्या आईपासूनची वाटणी आहे. लोक विचारतात, मुलगी काय करते? मी सांगतो, पाण्यातली धूळ मोजते.

लेक: आज बघा.

बाबा: हं. काय बघू? धूळच आहे.

लेक: चाक हळू फिरवा. डावीकडे एक आहे. मोठा डोळा, पाठीला पोक, पोटात काळी रेघ.

बाबा: हा? गुबगुबीत आहे की. झोपल्यावर छकुली अशीच दिसते. कोण हा?

लेक: आई याला चिकट्या म्हणायची.

बाबा: तुझी आई सगळ्यांनाच नावं ठेवायची. एकडोळ्या काय, गोलू काय. मला काय म्हणायची ते तर विचारूच नकोस.

लेक: तिचं कार्ड काढलंय मी. ऐका. 'चिकट्या. पाणपिसवांतला एक. पाठीनं पाणगवताला चिकटून राहतो, काठ सोडत नाही. मधल्या पाण्यात सापडला तर समजावं, नावाडी उशिरा उठला.'

बाबा: असं लिहिलंय? ऑफिसच्या कार्डावर?

लेक: शाईनं. खाली सही करून.

बाबा: बघू. हो, तिचंच. 'नावाडी उशिरा उठला.' काय बाई होती. अगं, मी तेव्हा कामाला नवा. थंडी अशी की वल्ह्याला हात लावला तर चटका बसावा. म्हटलं, कोण बघतंय? धक्क्यावरूनच जाळी बुडवली, चिठ्ठीवर लिहिलं मध्य, आणि घरी जाऊन पांघरूण ओढून पडलो. दुसऱ्या दिवशी ही माझ्यासमोर हजर, हातात बाटली. ओळख ना पाळख. म्हणते, "नावाडी, हे पाणी मधलं नाही." मी म्हटलं, बाई, पाण्यावर काय पत्ता लिहिलाय? तर म्हणते, "लिहिलाय. तुम्हाला वाचता येत नाही."

लेक: मग?

बाबा: मग काय. पुढचे चार महिने अगदी बरोबर मधोमध जाऊन पाणी आणलं. नाक मुठीत धरून. आणि पाचव्या महिन्यात लग्न.

लेक: तुम्ही मागणी घातलीत?

बाबा: मला कोण विचारतंय? तिनंच ठरवलं.

लेक: बाबा.

बाबा: काय?

लेक: हे पाणी मधलं नाही.

बाबा: वाऱ्यानं गवत आत गेलं असेल. जातं कधीकधी.

लेक: एखादा चिकट्या असता तर मीही वाराच म्हटलं असतं. पण चाळीस आहेत. आणि जे उघड्या पाण्यात राहतात, ते काचेसारखे, लांब शेपटीचे, ते एकही नाहीत. आणि ही एकच बाटली नाही. ही मागच्या महिन्याची, ही त्याच्या मागची, ही त्याच्याही. काल चारही परत तपासल्या. सगळं पाणी काठाचं.

बाबा: मग उठलो असेन उशिरा. वय झालं. थंडी बाधते.

लेक: उन्हाळ्यात? पाणी आणायच्या दिवशी तुम्ही चारला उठता. चहाचं भांडं वाजतं, मला ऐकू येतं. पाचला दार ओढता, साडेसातला परत येता. आळस करणारा माणूस दोन तास पाण्यावर काय करतो?

बाबा: पहारा ठेवतेस माझ्यावर.

लेक: सगळ्यांवरच ठेवते. छकुली झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरून बसते मी. माझं मेलं असंच आहे. आणि तरी चार महिने हे सुटलं माझ्या नजरेतून. नाही, खरं सांगायचं तर सुटलं नव्हतं. हिवाळ्यात तुम्ही एकदा दोन बाटल्या आणल्या होत्या, एक तळ्याची, एक खाडीची. आठवतं?

बाबा: खाडीवर मी बसनं गेलो होतो. खिडकीजवळ जागा मिळाली होती.

लेक: तळ्याच्या बाटलीत बाण निघाले. काचेच्या काडीसारखे असतात ते, तोंडाला आकडे. खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. तळ्यात ते आले कुठून? तर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

बाबा: माणूस आहे. होतं असं.

लेक: छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. मी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, तुमच्या अक्षरासारखं अक्षर काढून नव्या लिहिल्या आणि बाटल्या कपाटात ठेवल्या. कुणाला बोलले नाही.

बाबा: मला तरी बोलायचंस.

लेक: तुम्ही तरी बोलायचं होतंत.

बाबा: तू रागावशील.

लेक: रागावेन. तरी सांगा.

बाबा: त्याच हिवाळ्यातली गोष्ट. धुकं होतं. नाही, खोटं कशाला बोलू, धुकं नव्हतं. लख्ख होतं. मध्यावर गेलो, जाळी खाली सोडली, ओढली, बाटली भरली. सगळं नेहमीसारखं. वल्ही हातात घेतली, आणि कुठं जायचं तेच कळेना.

लेक: म्हणजे?

बाबा: म्हणजे चारी काठ सारखेच. झाडं दिसत होती, पंपाची खोली दिसत होती, धक्काही दिसत असेल. पण त्यातलं आपलं कुठलं ते लागेना. परक्याच्या घरात रात्रीचं पाणी प्यायला उठावं आणि दार सापडू नये, तसं. पण भर उजेडात.

लेक: किती वेळ बसलात तसे?

बाबा: बर्फाच्या कारखान्याचा नऊचा भोंगा झाला तोपर्यंत. भोंगा मात्र ओळखला मी. आवाज धरून वल्हवत आलो.

लेक: त्या दिवशी तुम्ही म्हणालात वल्हं मोडलं.

बाबा: मी नाही म्हणालो. तू दारातच उभी होतीस, छकुलीला घेऊन. तूच विचारलंस, "वल्हं मोडलं का?" मी हो म्हटलं.

लेक: आणि मग?

बाबा: मग दोरी आणली. एक टोक धक्क्याच्या खांबाला, एक होडीला. चाळीस वाव आहे, हात पसरून मोजलीय मी. ती ताणली गेली की थांबायचं आणि तिथंच जाळी टाकायची. परत येताना वल्ही लागतच नाहीत, दोरी ओढत यायचं. त्यात चुकायला काही नाही.

लेक: चाळीस वाव म्हणजे गवताचा पट्टासुद्धा ओलांडत नाही तुम्ही.

बाबा: नाही. तुझा चिकट्या भेटतो दर खेपेला. तोही काठ सोडत नाही, मीही सोडत नाही. बरं चाललंय आमचं.

लेक: हसण्यावारी नेऊ नका हो. सांगायचं तरी. पहिल्या बाटलीला सांगायचं.

बाबा: सांगणारच होतो. दुपारी तू घरी पळत आलीस. अंगावर तो पांढरा कोट तसाच. म्हणालीस, "बाबा, आईच्या कार्डांमधले सहा परत आले." छकुली झाल्यापासून तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. नुसती दचकत असायचीस. म्हटलं, राहू दे. एवढं तरी परत येऊ दे हिचं.

लेक: अकरावर आलेलं तळं एका महिन्यात सव्वीसवर जात नाही बाबा. हे मला कळायला नको? पोरीच्या अंगावर एक पुळी आली तर मी तीन डॉक्टरांना विचारते. आणि इथं एकदाही शंका घेतली नाही. घ्यायचीच नव्हती मला.

बाबा: जाऊ दे. धुळीनं कुणाचं वाईट झालंय?

लेक: होणार आहे. साहेबांनी अहवालात लिहिलंय, तळ्यातल्या जाती दुपटीच्या वर गेल्या, पाणी सुधारलं. सोमवारी सही. सही झाली की वरच्या वस्तीला हेच पाणी सोडणार, मधूनच उचलून.

बाबा: मधलं पाणी वाईट आहे?

लेक: मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. चार महिने मधलं पाणी कुणी बघितलेलंच नाही. आईच्या वेळी मध्यावर चौतीस जाती होत्या. मी खुर्चीवर बसले तेव्हा एकोणीस. शेवटचं खरं पाणी तुम्ही आणलंत त्यात अकरा. पाणी बिघडलं की पहिले हेच जातात, गुपचूप. मासे मरून वर आले म्हणजे लोकांना कळतं. त्या वस्तीत तान्ही मुलं आहेत बाबा.

बाबा: मग मी येतो साहेबांकडे. आत्ता चल.

लेक: दोघं जाऊ. चिठ्ठ्या मीही बदलल्यात.

बाबा: तुझं कशाला सांगायचं? तेवढं माझ्यावर राहू दे.

लेक: नाही.

बाबा: आईवर गेलीस. बरं. आणि होडी?

लेक: होडीवर दुसरा माणूस घेतील.

बाबा: वल्ह्यांच्या मुठी माझ्या हाताच्या मापानं तासल्यात मी. टोचतील त्याला. सांग, थोडे दिवस फडकं गुंडाळ म्हणावं.

लेक: सांगेन.

बाबा: पुढच्या आठवड्यात एकदाच गेलो असतो. नुसता. जाळी न घेता.

लेक: आधी डॉक्टरकडे जाऊ. मी वेळ घेतलीय, बुधवारची. आणि छकुलीचं, थोडे दिवस, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत...

बाबा: म्हणून शेजारी ठेवलीस.

लेक: हो.

बाबा: तिला मी पाण्याच्या आसपास नेलं नाही कधी. आईशप्पथ.

लेक: माहितीये मला.

बाबा: फक्त बागेत नेतो. घसरगुंडीवर पाच वेळा, मग घरी. सहाव्यांदा मागते, देत नाही.

लेक: घरी येताना रस्ता सापडतो तुम्हाला? खरं सांगा.

बाबा: सापडतो की.

लेक: रोज?

बाबा: औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर जरा थांबतो. तिला विचारतो, छकुले, कुठं जायचं? ती हात करते.

लेक: पावणेदोन वर्षांची आहे ती.

बाबा: बरोबर करते. एकदाही चुकली नाही.

(बाहेर कुणीतरी नळाखाली रिकाम्या बाटल्या विसळतंय.)

बाबा: इकडे दे तुझा चष्मा, पुसतो. पुढं किती दिसणार आहे तुला असल्या काचेतून? आणि तो चिमटा दे.

लेक: कशाला?

बाबा: चिठ्ठ्या काढ बाहेर. लबाडी माझी, दुरुस्तीही माझ्याच हातानं. तुझं ते माझ्यासारखं अक्षर नको आता.

लेक: हातमोजे घाला आधी. खोडरबर नको. 'मध्य'वर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिहा, काठ.

बाबा: काठ. धक्क्यापासून चाळीस वाव. झाली एक. दुसरी दे. तारखा तरी बरोबर आहेत का माझ्या?

लेक: बरोबर आहेत. तारखा सगळ्या बरोबर आहेत.

बाबा: मग ठीक. आणि सोमवारच्या आधी मधलं पाणी कोण आणणार?

लेक: मी. उद्या सकाळी. पंपावरचे दादा वल्हवणार आहेत.

बाबा: तू? तुला तर न्हाणीतल्या टबाची भीती वाटते.

लेक: वाटते. तरी जाते.

बाबा: जाळी हिसकू नकोस. झटका बसला की चपळ असतात ते निसटतात, आणि बाटलीत फक्त मंद तेवढे येतात. एका वावाला एक श्वास, एवढ्या सावकाश ओढ. तुझ्या आईनं शिकवलेलं आहे मला ते.

लेक: तुम्ही यायचंय उद्या. होडीत नाही. धक्क्यावर. परत कुठं यायचं ते मला दिसायला हवं.

बाबा: पांढरा सदरा घालतो. लांबून दिसतो.

लेक: घाला.

बाबा: छकुलीला घेऊन बसू?

लेक: धक्क्यावर नको.

बाबा: बरं. राहिलं.

लेक: वरच्या पायरीवर बसा. काकू असतील बरोबर. आणि तिथून हलायचं नाही. मला मधून दोघंही दिसली पाहिजेत.