अण्णांची झोप आणि काँप्युटरचा पंखा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा नववीतच सुटली. शब्दही साधेच आहेत.

आमचे अण्णा नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. घर एका खोलीचं, माझा जुना काँप्युटर त्यांच्या उशाशीच. आई म्हणाली, "त्या डब्याचा आवाज कमी कर रे. अण्णांची झोप होत नसेल."

मग एका दुपारी मी सेटिंगमध्ये जाऊन काँप्युटरच्या पंख्यांचा वेग कमी केला. छान शांत झाला. अण्णा उठले, तेव्हा त्यांना दाखवावं म्हणून मी तो बंद करून पुन्हा चालू केला. पण सेटिंग सेव्ह करायलाच विसरलो होतो. सगळे पंखे पूर्ण वेगानं घोंघावायला लागले.

मी काही बोलायच्या आत अण्णांनी डब्याला कान लावला.

"वा. चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

मला वाटलं टोमणा मारतायत. मी हसलो. मोरीत भांडी घासणारी आई म्हणाली, "अहो, इथपर्यंत येतोय आवाज."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणतेय रे ती?"

आईचे हात थांबले. मी म्हणालो, "चहा टाकू का विचारतेय."

"टाक म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पाळीवरून आले, तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांना चपला काढू दिल्या नाहीत. तसंच रिक्षात बसवलं आणि कानाच्या डॉक्टरकडे नेलं.